काठीतले दोष

१२ एप्रिल, रविवार

हंगामाचा पहिला दिवस, आणि मी पाण्यात बसलो. पडलो नाही, बसलो. दुसऱ्या डोहाच्या वरच्या अंगाला, जेमतेम गुडघाभर पाण्यात डावा पाय टाकला आणि तो मी टाकला तिथे पोचलाच नाही. आधाराची काठी हातात होती, पण आखूड पडली. छातीपर्यंतच्या रबरी विजारीत वरून गार पाणी शिरलं. मेव्हण्याने मागून कमरेचा पट्टा धरून मला उभं केलं. "भावोजी, मासे पाण्यात असतात हे खरं, पण त्यांना बसून भेटायची गरज नाही," म्हणाला.

संध्याकाळी शेजारच्या वकिलांनी ओल्या कपड्यांकडे बघून विचारलं, किती मिळाले? म्हटलं, दोन, आणि दोन्ही सोडले. आम्ही पिसांची खोटी माशी दोराला बांधून टाकतो, ट्राउट नावाचे मासे धरतो आणि परत पाण्यात सोडतो. वकील म्हणाले, "म्हणजे निर्दोष मुक्तता. मग एवढा खटला कशाला चालवता?"

ही वही मात्र गंमत म्हणून सुरू केलेली नाही. चौतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात टर्नर होतो. नग बिघडला तर आधी हत्यार तपासायचं, मग मशीन, मग माप, आणि माणसाला दोष सगळ्यात शेवटी द्यायचा, हे मी लोकांना शिकवत आलो. तेव्हा दोष पहिला: काठी चार इंच आखूड.

१५ एप्रिल, बुधवार

नवी काठी केली. हलकी अ‍ॅल्युमिनियमची नळी, वर बुचाची मूठ, खाली पोलादी टोक. उंची छातीच्या हाडापर्यंत हवी. माप घ्यायला हिला, म्हणजे बायकोला, शेडमध्ये बोलावलं. वीस वर्षं शिवणाचा क्लास चालवते, माणूस नुसता बघून तिला माप कळतं.

"सरळ उभे राहा."

"सरळच उभा आहे."

"मग डावा खांदा खाली का?"

शेडची फरशी उतरती असणार. ही गेल्यावर स्पिरिट लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मधोमध. लेव्हल जुनी झाली आहे.

काठीला अडकवायची दोरी हिने दुहेरी टीप मारून शिवून दिली. एक टोक काठीला, दुसरं माझ्या पट्ट्याला. मासा लागला की दोन्ही हात मासे धरायच्या रॉडला लागतात, तेव्हा काठी सोडून द्यायची. ती मागे प्रवाहात लोंबत राहते, वाहून जात नाही. पट्ट्याच्या बाजूला मी पितळी खीळ बसवली आहे. चिमटीत दाबली की दोरी सुटते. काठी कधी दगडात रुतली तर निदान माणूस सुटावा. शंभर वेळा दाबून पाहिली. चांगलं काम झालं आहे, स्वतःच म्हणतो.

१९ एप्रिल, रविवार

काठी उत्तम. वरच्या अंगाला टेकायची, तिच्यावर भार द्यायचा, मग एक पाय. तो स्थिर झाला की दुसरा. काठी आणि दोन पाय, तिघांपैकी दोघं कायम तळाला. लग्नासारखंच आहे, एका वेळी एकानेच हलायचं.

पण दोष दुसरा: रॉडचा दोर काठीच्या दोरीत गुंतला आणि हाताएवढा मासा गेला. दोरी मागे, पाठीकडे सरकवायला हवी.

मेव्हण्याचं काहीतरी बिनसलंय. पूर्वी तो वरच्या डोहावर जायचा, हल्ली माझ्या खालच्या अंगाला दहा पावलांवर खांबासारखा उभा असतो. त्याला म्हटलं, अरे, तिथे मासे नाहीत, मी तुडवून आलेलं पाणी आहे ते. म्हणाला, "मला इथे बरं वाटतं." सकाळभरात त्याला एकही लागला नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासतो, स्वतःला मात्र मासा दिसत नाही.

३ मे, रविवार

गेलो नाही. बूट नवे तळ लावायला टाकले आहेत. जाड लोकरी तळ असतात, शेवाळावर धरतात. काल आणायला गेलो तर झाले नव्हते, दुरुस्तीवाल्याने दोन्ही बूट शेजारी ठेवून दाखवले.

"उजवा नव्यासारखा आहे. डाव्याचं नुसतं टोक झिजलंय. पाय घासत चालता का?"

म्हटलं, बूट तुम्हीच शिवलेत मागच्या वर्षी. कातडं वाईट असेल एका बाजूचं.

चालत दारापर्यंत गेलो तेव्हा तो माझ्या पायांकडे बघत होता. गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघणं हा त्याचा धंदाच आहे म्हणा.

१७ मे, रविवार

दोष तिसरा बूट, चौथा काठीचं घसरतं टोक. पाचवा: नवा नायलॉनचा दोरा. इतका गुळगुळीत की माशी बांधायची गाठच बसत नाही. चार वेळा सुटली. शेवटी मेव्हण्याला दिली, त्याने मुकाट्याने बांधून दिली. त्याला कशी जमली? त्याची बोटं कोरडी होती.

घरी हे सगळं सांगितलं तर ही म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." नेहमी म्हणते तशीच म्हणाली, पण मग हसली नाही. माझा शर्ट घडी करत होती, तो परत उलगडला आणि परत घडी केली.

३१ मे, रविवार

आज तीनदा. काठीला दोष देता येत नाही. लांबी बरोबर, टोकावर रबर बसवलंय, दोरी पाठीमागे. बुटांचे तळ नवे. पाणी कमी. ऊन स्वच्छ, तळ दिसत होता. तिन्ही वेळा डावा पाय.

मशीन तपासायची पाळी आली आहे. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकबूल करता येणार नाही.

९ जून, मंगळवार

गेला आठवडाभर सुया टोचून, विजेचे झटके देऊन, पाठीतलं पाणी काढून झालं. डॉक्टर बाई तरुण आहेत, पण आडवळणाने बोलत नाहीत. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

मला जे कळलं ते असं: मोटर ठीक आहे, तारा जळत चालल्या आहेत. पाय, मग हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं शाबूत राहतं. औषध आहे का, विचारलं. "वेग थोडा कमी करणारं आहे. थांबवणारं नाही." किती दिवस? "दोन-तीन वर्षं धरू या. तुमचा वेग जरा जास्त दिसतोय."

माझ्या तोंडून निघालं, "मग काठी केवढी ठेवू?"

त्यांना वाटलं मी चालायच्या काठीबद्दल विचारतोय. म्हणाल्या, "चार पायांची घ्या." हिने मान हलवली आणि पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. तिला धक्का बसलेला दिसला नाही. बायकांचं मन घट्ट असतं हे खरं.

२८ जून, रविवार

तीन रविवार चुकवले. आज गेलो. हिने नको म्हटलं नाही, थर्मास भरून दिला.

पुलाखालच्या उथळ पाण्यातच उभा राहिलो. डाव्या हातात काठी, उजव्यात रॉड. आता काठी सोडताच येत नाही, म्हणजे मासा लागला तरी ओढणार कशाने? लागला तेव्हा हेच झालं. रॉड काखेत धरून, दोर दातात धरून ओढायला गेलो. मासा हसत गेला असेल. मेव्हणा हसला नाही. तो जवळ येऊन उभा होता, हात पसरून, जसं कोणी लहान पोर भिंतीवर चालतंय.

त्याला म्हटलं, तुझी सावली पडतेय पाण्यावर, मासे बुजतात. दोन पावलं मागे सरकला. तेवढंच.

१२ जुलै, रविवार

गाडीच्या टपावर दोन्ही रॉड सारखेच दिसतात. निघताना चुकून त्याचा उचलला. दोराच्या टोकाला माशी नव्हती. गळ नाही, काही नाही, नुसता दोर. वाटलं तुटली असेल. बांधून देतो म्हणून त्याची डबी उघडली, तर मी गेल्या वर्षी बांधून दिलेल्या चोवीस माशा ओळीने जशाच्या तशा. एकीचंही पीस भिजलेलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो बूट काढत होता. "मागच्या सप्टेंबरपासून. तुमचा पाय ओढायला लागला ना, तेव्हापासून. दोन्ही हात मोकळे असलेले बरे."

"तुला कोणी सांगितलं माझा पाय ओढतो?"

"ताईने. पण मलाही दिसत होतंच की."

म्हणजे हिला सप्टेंबरातच माहीत होतं. मी एप्रिलमध्ये काठी मोजत होतो आणि ही टेप धरून उभी होती.

"दोन हंगाम वाया घालवलेस माझ्यापायी," मी म्हणालो.

"वाया कसले. मला मासे धरायला तसंही कधी आवडलं नाही, भावोजी."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करताना भुवई वर करतो, ती खालीच होती.

"कधीच?"

"पाणी फार गार असतं. आणि मासा हातात वळवळला की मला कसंतरीच होतं."

"मग एकतीस वर्षं कशाला येत राहिलास?"

"तुमचं लग्न झालं तेव्हा ताई म्हणाली होती, हे एकटेच नदीत जातात, माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, तू जात जा बरोबर. मग जात राहिलो." बुटातलं पाणी त्याने ओतून टाकलं. "चला, चहा गार होईल."

परतीच्या वाटेवर त्याने रेडिओ लावला.

१३ जुलै, सोमवार

हंगामाला वीस रविवार धरले तर सहाशे वीस रविवार. मला वाटत होतं आम्ही दोघं आहोत. मी कामावर कोणाशी फार बोलत नसे, शेजाऱ्यांशीही नाही. वाटायचं, आपल्याला एक माणूस आहे, आणि एक पुरतो. प्रत्यक्षात मी एकटाच मासे धरत होतो आणि बायकोने नेमलेला पहारेकरी मागे उभा होता. डॉक्टर बाईंच्या त्या नावाने इतकं लागलं नव्हतं.

हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, दोरीची टीप उसवली आहे. ती खरंच बघायला गेली.

२५ जुलै, शनिवार

परवा गुरुवारी जे केलं ते लिहून ठेवायला हवं. हात धरत नाही, म्हणून थोडक्यात.

हिला सांगितलं, जुन्या कारखान्यात एक सुटा भाग दाखवायला जातोय. टॅक्सीने नदीवर गेलो. टॅक्सीवाल्याने विजार चढवायला मदत केली, पट्टा आवळून दिला. त्याला म्हटलं, दोन तासांनी ये.

मला मासा धरायचा नव्हता, हे खरं. मला एकट्याने मधल्या दगडापर्यंत जाऊन परत यायचं होतं. बस. काठी, पाय, पाय. वीस पावलं छान गेलो. मांडीभर पाणी, मग कमरेएवढं. तिथे काठीचं टोक दोन दगडांच्या फटीत गेलं. रबरी टोपण आत अडकलं आणि ओढून निघेना. खीळ दाबायला गेलो. अंगठा आणि बोट जवळ येतात, पण जोर नाही. शंभर वेळा तपासलेली खीळ, आणि चिमूटच गेली. दुसऱ्या हाताने करायला काठी सोडायला हवी, आणि काठी सोडली की मी गेलो. मागे वळायला डावा पाय उचलेना.

मग उभा राहिलो. दुसरं काय करणार. ओरडून पाहिलं, पण पाण्याचा आवाज जास्त. किती वेळ ते माहीत नाही. पाय आहेत की नाहीत कळेनासं झालं. मनात भीती नव्हती, लाज होती. वाटत होतं, वाहून गेलो तर लोक म्हणतील काठी वाईट होती. आणि काठी वाईट नव्हती.

टॅक्सी यायच्या आधी मेव्हणा आला. खुंटीवर रबरी विजार दिसली नाही म्हणून हिने दुकानात फोन केला होता. तो दुकानाच्याच कपड्यांत, पायांतल्या काळ्या बुटांसकट पाण्यात शिरला. दोनदा घसरला. त्याचा चष्मा वाहून गेला. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा तो काळानिळा पडला होता आणि मला दोन्ही हातांनी मिठी मारून नुसता उभा राहिला.

"खीळ दाब," मी म्हणालो.

"दिसत नाही, भावोजी."

"पट्ट्याच्या डावीकडे. चिमटीत धर."

त्याने चाचपून दाबली. काठी सुटली. पण मग दोघांनाही हलता येईना, मला पाय नाही म्हणून आणि त्याला प्रवाह ओढत होता म्हणून. तेव्हा तो म्हणाला, "मला पोहता येत नाही, तुम्हाला सांगायचं राहिलंच."

पोहता न येणाऱ्या माणसाने दुकानातल्या बुटांत कमरेएवढ्या ओढीत शिरणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. मी त्याला तिथल्या तिथे तसं सांगितलं. तो म्हणाला, "हो." त्याचे दात वाजत होते. सोडलं मात्र नाही.

परत आलेल्या टॅक्सीवाल्याने नदीवरच्या रखवालदाराला दोर घेऊन आणलं, त्यांनी आम्हाला काढलं. काठी तिथेच फटीत उभी राहिली.

घरी हिने मला कोरडे कपडे घातले, मग भावाला घातले. माझाच शर्ट दिला त्याला. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने दार लावून घेतलं.

२३ ऑगस्ट, रविवार

चाकांची खुर्ची आली. जिन्याखाली मावत नाही. पेन धरायला हिने चिंधी गुंडाळून जाड केलंय. या दोन ओळींना पाऊण तास.

२७ सप्टें. रवि.

हंगाम संपला. उजवा हातही.

११ ऑक्टोबर, रविवार

आजपासून ही लिहिणार. मी सांगेन ते शब्दशः लिहायचं, स्वतःचं घालायचं नाही आणि मागची पानं वाचायची नाहीत, अशा तीन अटी आहेत. ही म्हणजे मी. अटी मान्य केल्या आहेत.

मेव्हणा आजही सकाळी सहाला आला. नदी बंद, मी खुर्चीत, तरी बेल वाजली. विचारलं, कशाला आलास? म्हणाला, सवय. मग शेडमधून रॉडवरची दोराची रिळं आणून टेबलावर मांडली आणि पुसत बसला. तेल चुकीच्या ठिकाणी घालतो. मी सांगितलं, तिथे नाही. म्हणाला, मग कुठे? तासभर हेच. तो रीळ बिघडवून ठेवणार आहे. पुढच्या वर्षी कोण वापरणार म्हणा.

हे शेवटचं वाक्य लिहू का, असं मी विचारलं. म्हणाले, लिही.

१५ नोव्हेंबर, रविवार

सूपसुद्धा आता घट्ट करून द्यावं लागतं. पातळ गेलं की ठसका लागतो. मेव्हणा सहाला आला. माशी बांधायला शिकवा म्हणाला. त्याला म्हटलं, तुला आवडत नाही ना. म्हणाला, मासे आवडत नाहीत, माशीने काय केलंय? दोन तासांत एक बांधली. ती माशी नाही, झुरळ आहे. कोणताही मासा तिला बघून पोट धरून हसेल.

हे सांगताना यांना हसू आलं आणि ठसका लागला. तीन मिनिटं थांबेना. भावाने पाठ धरली. स्वतःचं घालायचं नाही हे मला माहीत आहे. घातलं.

२० डिसेंबर, रविवार

डॉक्टर बाई घरी येऊन गेल्या. श्वासाचं मशीन लावायचं का, ते आत्ताच ठरवा म्हणाल्या. नको. हे तू लिहून ठेव म्हणजे नंतर कोणी वाद घालणार नाही. नको. दोनदा लिही.

नको.

मेव्हणा बाहेर व्हरांड्यात गेला होता. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा म्हणाला, बाहेर गार आहे.

३ जानेवारी, रविवार

त्यांचं बोलणं आता मला सुद्धा निम्मंच कळतं. मी ओठ बघून अंदाजाने लिहिते. चुकलं तर ते डोळे मिटतात, बरोबर असेल तर उघडे ठेवतात. आज एवढंच लिहून झालं: उशी उंच नको. वकिलांचा कुत्रा भुंकतो. तुझा भाऊ बारीक झालाय, त्याला जेवायला घाल.

७ फेब्रुवारी, रविवार

भाऊ सकाळी आला होता, अकराला गेला. आज काही काम नव्हतं, नुसता बसला. यांचा हात त्याने मांडीवर घेतला होता.

तो गेल्यावर यांनी दाराकडे बघितलं, मग वहीकडे. मी वही घेतली. डॉक्टरांनी दिलेला अक्षरांचा तक्ता पुढे धरला, तर नको म्हणून डोळे मिटले. त्यांना बोलायचं होतं. खूप वेळ घेऊन, मध्ये थांबत थांबत बोलले. पहिले शब्द मला नीट कळले:

त्याला सांग, की मी

यापुढचं मला कळलं नाही. मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं, आधीपेक्षा लांब होतं, एक शब्द 'पाणी' असावा, किंवा 'कोणी'. दोन्ही लिहून दाखवले, दोन्हीला डोळे मिटले. तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी सांगितलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मान भिंतीकडे केली.

मी पेन धरून बसून आहे.